वाचकांचे प्रश्न : नेटवर्कमधील पत्ता येतो कोठून आणि टिकतो किती?

‘वायफाय जोडलेले दिसते, पण इंटरनेट चालत नाही’ या एकाच तक्रारीची निरनिराळी रूपे या वेळी नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत आहेत. ही पत्रे एकत्र घेण्याचे कारण असे की त्यांतील बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे. संगणक, मोबाइल, प्रिंटर किंवा कॅमेरा यांना नेटवर्कमध्ये मिळणारा पत्ता त्यांच्या मालकीचा नसतो. तो ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो, आणि कोणाला कोणता पत्ता किती वेळासाठी दिला याची नोंद ठेवणारा त्या नेटवर्कमध्ये साधारणपणे एकच असावा लागतो. ही मुदत आणि ही नोंद नीट समजली, तर राऊटर पुनःपुन्हा बंद-चालू करण्याची वेळ फारशी येत नाही.

प्रश्न : माझ्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये काही दिवसांपूर्वी १९२.१६८.१.७ असा आयपी पत्ता दिसत होता. गावाहून परत आल्यावर तोच पत्ता १९२.१६८.१.१२ झालेला दिसला. मी स्वतः काहीही बदललेले नाही. कोणी माझ्या फोनमध्ये शिरकाव केला असेल का?
— एक निवृत्त शिक्षक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : नाही, आपण निश्चिंत राहावे. हा बदल आपल्या घरातील राऊटरनेच केला आहे आणि तो त्याच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे.

फोन वायफायला जोडला जातो तेव्हा त्याच्याकडे त्या नेटवर्कमधला कोणताही पत्ता नसतो, आणि पत्ते देणारा कोठे आहे हेही त्याला ठाऊक नसते. म्हणून तो ०.०.०.० या रिकाम्या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ या सर्वांसाठीच्या पत्त्यावर एक संदेश पाठवतो, ज्याचा आशय ‘येथे पत्ता देणारा कोणी आहे काय’ एवढाच असतो. नेटवर्कमधील प्रत्येक उपकरणापर्यंत हा संदेश पोहोचतो, परंतु उत्तर देते ते फक्त पत्ते वाटण्याचे काम ज्याच्याकडे आहे ते उपकरण, म्हणजे घरात राऊटर आणि मोठ्या कार्यालयात बहुधा वेगळा सर्व्हर. ते एक मोकळा पत्ता देऊ करते. फोन तिसरा संदेश पाठवून तोच पत्ता रीतसर मागतो. हा संदेशही तो सर्वांना ऐकू जाईल असाच पाठवतो, कारण आणखी कोणी पत्ता देऊ केला असेल तर आपला देकार स्वीकारला गेला नाही हे त्याला कळावे आणि त्याने तो पत्ता दुसऱ्यासाठी मोकळा ठेवावा. चौथ्या संदेशात मंजुरी येते. या मंजुरीबरोबर पत्ता किती वेळ वापरता येईल याची मुदत, बाहेर जाण्याचा मार्ग म्हणजे गेटवे, संकेतस्थळांची नावे ज्याला विचारायची त्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता आणि आपले नेटवर्क कोठपर्यंत आहे हे सांगणारा सबनेट मास्क, इतकी माहिती फोनला मिळते. हे सारे बहुधा क्षणार्धात उरकते. या पद्धतीला डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल, म्हणजेच डीएचसीपी, असे नाव आहे, आणि मुदतीला सगळीकडे ‘लीज’ म्हणतात.

राऊटर आपला फोन ओळखतो तो त्याच्या मॅक पत्त्यावरून. हा प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क जोडणीला ओळख म्हणून दिलेला ४८ बिटांचा क्रमांक असतो. फोन परत आला की शक्यतो त्याला पूर्वीचाच पत्ता द्यावा अशी पद्धत आहे, आणि म्हणूनच एरवी आपला पत्ता दिवसेंदिवस तोच राहिला. आपण गावी गेल्यावर मात्र लीजची मुदत संपली, दरम्यान घरातील दुसऱ्या एखाद्या उपकरणाला ७ क्रमांक दिला गेला असावा किंवा राऊटर बंद-चालू झाल्यामुळे त्याची नोंदच पुसली गेली असावी. शिवाय २०१९च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२०च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता सहसा उघड न करता प्रत्येक वायफायसाठी एक बनावट मॅक पत्ता वापरतात. माणसाचा माग कोणालाही काढता येऊ नये यासाठी केलेली ही व्यवस्था मला अतिशय योग्य वाटते. पण हा बनावट पत्ता बदलला, तर राऊटरच्या दृष्टीने तो नवाच फोन ठरतो आणि त्याला नवा आयपी पत्ता मिळतो.

प्रश्न : आमचे पंचवटीत यात्रीनिवास आहे. एकूण ४० खोल्या असून सर्वांसाठी एकच वायफाय आहे. सकाळी ते व्यवस्थित चालते, परंतु दुपारी नवे यात्रेकरू आले की त्यांच्या फोनवर ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ एवढेच दिसत राहते. ज्यांचे आधीपासून चालू आहे त्यांना काहीच त्रास होत नाही. जोडणी देणाऱ्यांनी वेग वाढवून घ्या असे सुचवले, तो वाढवला, तरी फरक पडला नाही. सिंहस्थाची गर्दी होईल तेव्हा काय करावे?
— यात्रीनिवासाच्या एक व्यवस्थापिका, पंचवटी

उत्तर : आपल्या पत्रातील ‘ज्यांचे आधीपासून चालू आहे त्यांना त्रास नाही’ या एका वाक्यातच निदान आहे. वेग कमी पडला असता तर त्रास सर्वांनाच झाला असता. येथे जुन्यांना अडचण नाही आणि नव्यांना प्रवेशच नाही, याचा अर्थ राऊटरकडचे पत्ते संपले आहेत. तेव्हा वेग वाढवण्यासाठी केलेल्या खर्चाचा या अडचणीवर उपयोग होणारच नव्हता.

हिशेब करून पाहावा. प्रत्येक खोलीत तीन फोन धरले तर एका वेळी १२० उपकरणे होतात. घरगुती वापराचे राऊटर पुष्कळदा १०० ते १५० पत्तेच वाटण्यासाठी राखून ठेवतात आणि लीज २४ तासांची असते. आपण १५० पत्ते धरू. रात्री मुक्कामाला असलेल्या १२० फोनांना १२० पत्ते गेले. पहाटे रामकुंडावर स्नान, मग काळाराम मंदिरात दर्शन, आणि मंडळी त्र्यंबकेश्वरकडे किंवा वणीच्या सप्तशृंगी गडाकडे रवाना झाली. खोल्या रिकाम्या झाल्या, पण पत्ते रिकामे झाले नाहीत. निघताना पत्ता परत करण्याचा संदेश या पद्धतीत आहे. मात्र तो पाठवण्याचे बंधन नाही, आणि वायफायच्या कक्षेबाहेर गेलेला फोन तो पाठवणार तरी कसा? आपल्याच काउंटरवरील नोंदवहीत प्रत्येक खोलीपुढे ‘उद्या याच वेळेपर्यंत’ असे लिहिलेले असावे आणि पाहुणे किल्ली न देता सकाळीच निघून गेलेले असावेत, तशी राऊटरची स्थिती दुपारी होते. दुपारी आलेल्या पुढच्या १२० फोनांसाठी त्याच्याकडे ३० पत्ते उरतात. पहिल्या ३० जणांना ते मिळतात आणि बाकीचे ताटकळत राहतात.

उपाय दोन आहेत आणि आपल्या ठिकाणी ते दोन्ही करावेत असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला उपाय बिनखर्ची आहे : राऊटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीच्या पानावर जाऊन लीजची मुदत दोन तासांवर आणावी. हा आकडा भरताना एकक जरूर पाहावे, कारण काही राऊटर तो मिनिटांत मागतात आणि काही सेकंदांत. दोन तास म्हणजे १२० मिनिटे किंवा ७,२०० सेकंद. मुदत इतकी कमी केली तर मुक्कामी असलेल्यांचे इंटरनेट दर दोन तासांनी तुटेल, अशी भीती अनेकांना वाटते. तसे होत नाही. मुदतीचा अर्धा भाग संपला की फोन स्वतःहून राऊटरला मुदतवाढ मागतो आणि ती बहुधा लगेच मिळते. वापरणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. अर्ध्या मुदतीला उत्तर मिळाले नाही तर तो पुनःपुन्हा विचारतो, आणि ८७.५ टक्के मुदत उलटली की ज्याने पत्ता दिला त्यालाच न विचारता नेटवर्कमधील कोणत्याही डीएचसीपी सर्व्हरला विचारू लागतो. मुदत पूर्ण संपेपर्यंत कोणीच होकार दिला नाही, तरच त्याला पत्ता सोडावा लागतो. जो फोन त्र्यंबकच्या वाटेवर आहे तो मुदतवाढ मागायला येणारच नाही, आणि त्याचा पत्ता जास्तीत जास्त दोन तासांत आपोआप मोकळा होईल.

दुसरा उपाय म्हणजे पत्त्यांचा साठा वाढवणे. राऊटरला १०० ते २०० एवढेच क्रमांक वाटायला सांगितलेले असतील, तर ती मर्यादा वाढवून २५४ पत्त्यांपैकी जवळजवळ सर्व वापरता येतात. त्याहून अधिक हवे असतील तर सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.२५४.० करावा; मग ५१० पत्ते उपलब्ध होतात. हा बदल मात्र जाणकाराकडून करून घ्यावा, कारण ज्या उपकरणांत हाताने पत्ते भरलेले आहेत त्यांतही तो करावा लागतो. पत्ते पुरेसे झाले म्हणजे एकच राऊटर ५०० फोनांना वायफाय पुरवू शकेल असे नाही. त्यासाठी मजल्यामजल्यावर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने राऊटरला जोडलेली वायफाय पसरवणारी उपकरणे, लागतील, पण तो वेगळा विषय आहे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरीही सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्या काउंटरवरील बिलांचा संगणक आणि सीसीटीव्ही यांचे नेटवर्क यात्रेकरूंच्या वायफायपासून वेगळे करून घ्यावे. बहुतेक राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी स्वतंत्र वायफायची सोय असते. गर्दीच्या दिवशी पत्ते संपलेच, तर निदान आपला कारभार अडणार नाही, आणि अनोळखी फोन व आपला हिशेब एकाच नेटवर्कमध्ये राहणार नाहीत.

प्रश्न : आमचा वाहनांचे सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना आहे. एका सकाळी कार्यालयातील निम्म्या संगणकांवरून प्रिंटर आणि हिशेबाचा सर्व्हर दिसेनासा झाला, उरलेले निम्मे मात्र सुरळीत चालू होते. नंतर कळले की एका सहकाऱ्याने वायफायची रेंज वाढावी म्हणून घरचा जुना राऊटर आणून जोडला होता. तो काढल्यावर सर्व ठीक झाले. एका राऊटरमुळे निम्मेच संगणक का बिघडावेत?
— एक उद्योजक, अंबड औद्योगिक वसाहत

उत्तर : कारण आपल्या नेटवर्कमध्ये त्या सकाळी पत्ते देणारे दोन झाले होते. घरचा राऊटर लॅनच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कसाठीच्या, पोर्टमधून जोडला की तो त्या तारेवरील कोणाही उपकरणाला पत्ते देऊ लागतो. ‘पत्ता देणारा कोणी आहे काय’ या हाकेला आता दोघे उत्तर देतात आणि संगणक साधारणपणे ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा देकार घेतो. घरच्या राऊटरने दिलेला पत्ता वेगळ्या मालिकेतला, गेटवे वेगळा. मग कार्यालयातला सर्व्हर त्या संगणकाला दिसणार कसा?

उरलेले संगणक वाचले ते बहुधा आदल्या संध्याकाळी बंद न केल्यामुळे. त्यांची लीज चालू होती, आणि मुदतवाढ मागताना संगणक प्रथम सर्वांना हाक मारत नाही, ज्याने पत्ता दिला त्यालाच थेट विचारतो. त्यामुळे नव्या राऊटरला त्यांच्यात लुडबुड करण्याची संधीच मिळाली नाही. काही ठिकाणी योगायोगाने दोन्ही राऊटर एकाच मालिकेतले पत्ते देतात आणि दोघांचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ हाच असतो. तेव्हा बिघाड याहून फसवा होतो, कारण सर्व आकडे बरोबर दिसतात आणि तरीही काम मध्येच चालते, मध्येच अडते.

पुन्हा असे झाल्यास बिघडलेल्या संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा ‘ऑल’ या पर्यायासह (ipconfig /all) द्यावी. त्यात ‘डीएचसीपी सर्व्हर’ अशी ओळ येते. चांगल्या आणि बिघडलेल्या संगणकावरच्या या ओळी ताडून पाहिल्या की आगंतुक कोण ते कळते. रेंजसाठी दुसरा राऊटर हवाच असेल तर त्यातील डीएचसीपी आधी बंद करावे, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राऊटरच्या मालिकेत पण वाटपाच्या मर्यादेबाहेर ठेवावा, आणि मगच तो लॅनच्या पोर्टमधून जोडावा.

आपल्या सहकाऱ्याचा हेतू चांगला होता. परंतु हेच काम कोणी वाईट हेतूने करू शकतो, आणि मला या पत्रात सर्वाधिक महत्त्वाचे तेच वाटते. डीएचसीपीच्या नेहमीच्या व्यवहारात पत्ता देणाऱ्याची ओळख तपासली जात नाही. ती तपासण्याची सोय सांगणारे मानक २००१ मध्ये निघाले, पण ते व्यवहारात रुजले नाही. जो आधी उत्तर देईल तो गेटवे आणि डीएनएस सर्व्हर ठरवतो, म्हणजे आपल्या संगणकाची सगळी वाहतूक तो स्वतःकडून वळवू शकतो किंवा बँकेचे नाव विचारणाऱ्या संगणकाला भलताच पत्ता सांगू शकतो. यावर उपाय म्हणून नियंत्रण करता येण्याजोग्या स्विचमध्ये (अनेक संगणकांच्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीत) डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय असते. खरा सर्व्हर कोणत्या पोर्टवर आहे हे तेथे नोंदवले की इतर पोर्टवरून येणारे देकार स्विच पुढे जाऊ देत नाही. पंधरा-वीस संगणक असलेल्या कोणत्याही कारखान्याने साध्या स्विचऐवजी असा स्विच घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : वीज गेली आणि परत आली की आमच्या कृषी सेवा केंद्रातील बिलांच्या संगणकावर ‘आयपी पत्त्याचा संघर्ष’ असा संदेश येतो. संगणक इन्व्हर्टरवर असल्यामुळे तो बंदही पडलेला नसतो. मग बिघाड कशाचा?
— एक दुकानदार, निफाड तालुका

उत्तर : संगणक इन्व्हर्टरवर आहे, पण राऊटर नसावा. अनेक लहान राऊटर लीजची नोंद तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात आणि वीज जाताच ती पुसली जाते. संगणक व राऊटर यांच्यामध्ये इन्व्हर्टरवर चालणारा छोटा स्विच असेल, तर संगणकाला मध्ये काही घडल्याचे कळतही नाही आणि तो आपला पत्ता वापरत राहतो. इकडे राऊटर कोऱ्या नोंदीने सुरू होतो आणि एखाद्या नव्या फोनला तोच पत्ता देऊन बसतो. पत्ता स्वीकारण्यापूर्वी तो दुसरे कोणी वापरत आहे काय हे फोनने तपासावे आणि तसे असल्यास नाकारावा, अशी अपेक्षा आहे. सगळीच उपकरणे ती पाळत नाहीत.

राऊटरही इन्व्हर्टरवर घ्यावा, हा सर्वांत सोपा उपाय. त्याबरोबर राऊटरच्या सेटिंगमध्ये संगणक, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर यांच्यासाठी मॅक पत्त्यानुसार कायमचा पत्ता राखून ठेवावा. ही नोंद वीज गेली तरी टिकते. त्या-त्या यंत्रात हाताने पत्ता भरण्यापेक्षा ही रीत बरी, कारण सर्व माहिती एकाच जागी राहते आणि पुढे राऊटर बदलताना काय कोठे होते ते सापडते. हातानेच भरायचा असेल तर निदान वाटपाच्या मर्यादेबाहेरचा क्रमांक घ्यावा.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला कधी कधी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि इंटरनेट बंद होते. हा कोण देतो?
— एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : कोणीही देत नाही. हाक मारून उत्तर आले नाही की लॅपटॉप या मालिकेतला एक पत्ता स्वतःच निवडतो, म्हणजे त्याच तारेवरील शेजारच्या यंत्राशी तरी बोलता यावे. या पत्त्यावरून राऊटरपलीकडे जाता येत नाही. असा पत्ता दिसला की केबल, वायफाय किंवा राऊटरचे डीएचसीपी यांपैकी काही बंद आहे असे समजून तेथून शोध सुरू करावा.

प्रश्न : आयपीव्ही६ या नव्या पत्ता-पद्धतीत पत्ते अमाप आहेत, मग तेथे डीएचसीपीची गरज राहते का? ही पद्धत मुळात कशासाठी आली?
— अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, सातपूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी घेऊ. १९८४ मध्ये मांडलेल्या आरएआरपी या पद्धतीत यंत्र आपला हार्डवेअर पत्ता सांगून आयपी पत्ता विचारत असे, पण उत्तरात पत्त्याखेरीज फारसे काही मिळत नसे आणि ही विचारणा राऊटरपलीकडे जात नसल्याने प्रत्येक नेटवर्कवर स्वतंत्र सर्व्हर लागे. १९८५ च्या बूटपी पद्धतीने ही अडचण दूर केली : मध्ये रिले, म्हणजे विचारणा पुढच्या नेटवर्कमध्ये पोहोचवणारा मध्यस्थ, ठेवून एकच सर्व्हर अनेक नेटवर्कना पुरू लागला आणि गेटवेसारखी माहितीही मिळू लागली. मात्र कोणत्या यंत्राला कोणता पत्ता हे तक्त्यात माणसालाच भरावे लागे. यंत्रे जागची हलत नव्हती तोवर ते चालले. ती हातात घेऊन माणसे फिरू लागली तेव्हा तक्ता पुरेना. १९९३ मध्ये आलेल्या डीएचसीपीने त्यात मुदतीची कल्पना आणली आणि पत्ता परत घेणे शक्य झाले. १९९७ मध्ये राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेला सुधारित मसुदा प्रसिद्ध झाला आणि आजची व्यवस्था मुख्यतः त्यावरच चालते. संदेशाचा साचा आणि ६७ व ६८ हे पोर्ट (येथे तारेची जागा नव्हे, तर संदेश कोणत्या सेवेसाठी आहे ते सांगणारे क्रमांक) बूटपीचेच ठेवल्यामुळे जुने रिले तसेच वापरता आले. हा निर्णय मला फार समंजस वाटतो.

आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे वर पाहिलेल्या चार आकड्यांच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते आहेत आणि जागतिक साठ्यातील शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा असल्याने तेथे काटकसरीचे कारण उरत नाही. यंत्र प्रथम एफई८० ने सुरू होणारा स्थानिक पत्ता स्वतः बनवते आणि तो दुसऱ्या कोणाचा नाही ना, हे विचारून घेते. मग राऊटर आपल्या नेटवर्कचा उपसर्ग, म्हणजे पत्त्याचा सर्वांना समान असलेला सुरुवातीचा भाग, जाहीर करतो, जो सहसा ६४ बिटांचा असतो, आणि उरलेले ६४ बिट यंत्र स्वतः ठरवते. पूर्वी ते मॅक पत्त्यावरून बनत. माणसाचा माग त्यावरून निघू शकतो हे ध्यानात आल्यावर आता ते बहुधा यादृच्छिक असतात. येथे कोणी नोंद ठेवत नाही, आणि घरात त्याने काही बिघडत नाही. परंतु एखाद्या संस्थेला कोणता पत्ता कोणत्या वेळी कोणाकडे होता हे सांगता यावे लागते, आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला ग्राहकाच्या राऊटरला पूर्ण उपसर्ग सोपवायचा असतो. या दोन कामांसाठी आयपीव्ही६ चे वेगळे डीएचसीपी आहे. त्याचे पहिले मानक २००३ चे.

आपण विद्यार्थी आहात, म्हणून हे केवळ वाचून सोडू नये. लॅपटॉपवर वायरशार्क हा नेटवर्कवरील संदेश दाखवणारा प्रोग्राम सुरू करून डीएचसीपी हा फिल्टर लावावा, आयपीकॉन्फिगच्या ‘रिलीज’ पर्यायाने पत्ता सोडावा आणि ‘रिन्यू’ पर्यायाने पुन्हा मागावा. चारही संदेश ओळीने दिसतील. त्यानंतर वायफाय नुसते बंद करून लगेच चालू केले, तर बहुधा चारांऐवजी दोनच दिसतील, कारण ओळखीच्या नेटवर्कमध्ये परतलेले यंत्र पहिले दोन टप्पे गाळून जुनाच पत्ता थेट मागते. मंजुरीचा संदेश उघडून त्यात ५१ क्रमांकाचा पर्याय पाहावा. तेथे आपल्या राऊटरने दिलेली मुदत सेकंदांत लिहिलेली असते.